सटवाईच्या नावचं पत्र

"अवो, जरा आत या. सटवाई लिहून गेली."

सकाळचे सात वाजले होते. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. माझी बायको कलावती दारात उभी होती. तिच्या डोक्यावर पदर होता, हातात चार घड्या घातलेला कागद होता आणि चेहरा असा होता की मी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

आदल्या संध्याकाळी नातीची पाचवी झाली होती. बाळ पाच दिवसांचं झालं की आमच्याकडे पाटा-वरवंटा पुजतात आणि त्यापुढं एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्रीतून सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय आहे ते लिहून जाते. तिचं अक्षर माणसाला दिसत नाही, अशी सोय आपल्या लोकांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे, त्यामुळं सकाळी कागद कोराच सापडतो आणि तो देव्हाऱ्यात ठेवून द्यायचा असतो. आमच्या मुलाच्या, संदेशच्या पाचवीचा कागद अजून तिथं होता, पिवळा पडलेला. त्याच्या नशिबात चाकणची कंपनी आहे हे त्यावर कुठंही दिसत नव्हतं.

या वेळच्या कागदावर मात्र खरोखरीच लिहिलेलं होतं. निळी शाई मागच्या बाजूनं उमटली होती.

इथं माझी ओळख सांगायला हवी. मी निवृत्ती रासकर. चौतीस वर्षं पोस्टात काढून मी सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, तेव्हा निरोप समारंभात प्रत्येक वक्त्यानं माझ्या नावावर तोच एक विनोद केला आणि मी प्रत्येक वेळी हसलो. ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडलेली. तेव्हा आम्ही सासवडला राहायचो, आजही राहतो.

तर कागद हातात घेतला की आधी पत्ता बघायचा, ही माझी जुनी सवय. वरच्या घडीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सटवाईस'. मी कलावतीला म्हटलं की बाई गं, हे तिनं लिहिलेलं नाही, तिला लिहिलेलं आहे. पत्ता घेणाऱ्याचा घालतात, पाठवणाऱ्याचा नाही. आणि अक्षर आपल्या सुनेचं आहे.

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. उज्ज्वला लग्नाआधी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची आणि हातानं लिहिलं तरी छापल्यासारखं लिहायची. कलावतीचा चेहरा एकदम मऊ झाला. ती म्हणाली, आई नाही पोरीला, कुणापाशी मन मोकळं करणार, म्हणून देवीपाशी लेकीसाठी काही मागितलं असेल. मग तिनं हळूच विचारलं, बघायचं का काय मागितलंय?

मी ताठ झालो. दुसऱ्याच्या नावचं पत्र उघडायचं नाही, हा धडा मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला होता. एकदा एका पोस्टमननं नवऱ्याचं बायकोला आलेलं पाकीट वाफेवर धरलं, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. कलावतीनं निमूटपणे कागद देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. त्या दिवशी मला माझा चांगलाच अभिमान वाटला. आज आठवलं की स्वतःचेच कान पिळावेसे वाटतात.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण उज्ज्वलाची आई ती बारा वर्षांची असताना गेलेली. घरी वडील आणि धाकटा भाऊ, दोघांनाही धड चहा करता येत नव्हता. तेव्हा बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं आणि कलावतीनं मनाशी गाठ मारली की पोरीला आईची उणीव भासता कामा नये. एखादी गोष्ट कलावतीनं मनावर घेतली की घरात बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहावं. तिनं डिंकाचे लाडू केले, मेथीचे केले, अळिवाचे केले. भागूबाई रोज येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावायची, न्हाऊ घालायची, शेगडीवर ओवा टाकून शेक द्यायची. गल्लीतल्या बायका बाळंतविडा घेऊन यायच्या आणि दोन-दोन तास हलायच्या नाहीत. संदेश शनिवारी चाकणहून यायचा, लेकीकडं टक लावून बघायचा आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

बाळंतिणीच्या खोलीत सासऱ्यानं पाऊल टाकायचं नाही, ही कलावतीची शिस्त. त्यामुळं त्या खोलीचं जे काही मला कळायचं ते कानांनी. माझी खुर्ची अंगणात तिच्या खिडकीखाली असायची. भागूबाई बोलायची, कलावती बोलायची, शेजारणी बोलायच्या, नात तर सगळ्यांवर वरताण. उज्ज्वलाचा आवाज मात्र दिवसातून चार वेळा यायचा आणि तो एकच शब्द बोलायचा, "बरीये." एक प्रश्नही ती रोज सकाळी न चुकता विचारायची, आज कितवा दिवस.

बाराव्या दिवशी बारसं झालं. संदेशच्या बहिणीनं बाळाच्या कानात 'सई' असं नाव सांगितलं. पाळण्याची दोरी हातात दिली तेव्हा उज्ज्वला रडायला लागली. बायकांना वाटलं, आईची आठवण झाली. मग त्याही रडल्या. कलावतीनं दुसऱ्या दिवशी लाडवांचा आणखी एक डबा भरला.

मला काही दिसलंच नाही असं मी म्हणणार नाही. बाळ रडलं की उज्ज्वला त्याला उचलून लगेच जवळच्या बाईच्या हातात द्यायची आणि आपले हात पाठीमागं धरायची, हे मी खिडकीतून दोनदा पाहिलं होतं. बाळ झोपलं की तीही झोपेल म्हणून कलावती खोलीचं दार ओढून घ्यायची, पण खाटेचा आवाज होत राहायचा. दमली असेल, असं आम्ही म्हणायचो. त्या एका शब्दावर आम्ही वीस दिवस काढले.

सव्विसाव्या दिवशी दुपारी भागूबाई आणि कलावती आत सईला न्हाऊ घालत होत्या. उज्ज्वला एकटीच बाहेर आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. डोक्याला रुमाल, कानात कापसाचे बोळे, अंगात स्वेटर. चैत्राचं ऊन होतं. मी म्हटलं, अगं, तुझ्या आत्या बघतील. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. ती म्हणाली, बघू देत.

"मामा, पत्र पोचलं नाही तर पोस्टात काय करतात?"

दोन वर्षांत मला पोस्टाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी खुर्चीत सरसावून बसलो. सविस्तर सांगितलं. पत्ता चुकीचा असेल तर काय, माणूस घर सोडून गेला असेल तर काय, पाठवणाऱ्याचा पत्ता असला तर ते त्याच्याकडं कसं परत जातं, आणि तोही नसला तर अशी सगळी बेवारस पत्रं एका वेगळ्या कचेरीत जातात आणि कुणाचं आहे ते शोधायला तिथले साहेब ती उघडतात.

"म्हणजे वाचतात?"

"तिथंच फक्त. इतर कुणालाही हात लावायचा अधिकार नाही," मी म्हटलं. हे सांगताना माझी छाती फुगलेली होती.

"आणि देवाला लिहिलेलं असलं तर?"

मला हसू आलं. परीक्षेच्या दिवसांत पोरं गणपतीला पत्रं टाकायची. ती मी पोस्टमनबरोबर देवळात पुजाऱ्याकडं पाठवून द्यायचो, ते तिला सांगितलं.

"मग पुजारी वाचत असतील ना?"

"ते त्यांनाच माहीत."

तिनं मान हलवली. हातांच्या नखांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "किती दिवस वाट बघायची असते, मामा?"

मी काही बोलायच्या आत कलावतीनं आतून हाक मारली आणि ती उठून गेली.

चहा आला. मी कप हातात धरून बसलो आणि तो तसाच गार झाला. तिच्या खाटेवरून मधल्या खोलीतला देव्हारा समोर दिसतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे करंड्याखालचं ते पत्र ती रोज बघत होती. रोज सकाळी कितवा दिवस म्हणून विचारत होती. ज्या घरात चौतीस वर्षं पत्रं पोचवलेला माणूस बसला होता, त्या घरात तिचं पत्र वीस दिवस जागचं हललं नव्हतं. आणि ती पोरगी मला विचारून विचारून सांगत होती की बाबा रे, आता उघड.

मी उठलो आणि सरळ देव्हाऱ्यात हात घातला. कलावती ओल्या हातांनी धावत आली. देवीचं पत्र, पाप लागेल, असं पुटपुटली. मी म्हटलं, लागलंच तर मला लागेल, तू बस. तिला वाचायला बाजारातला चष्मा लागायचा आणि तो कधीच जागेवर नसायचा, म्हणून मी हळू आवाजात वाचलं.

'प्रति, सटवाई.

विषय : नशीब लिहिताना दुरुस्ती होणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून कळविते की, मला मुलगी झाली असून तिची तब्येत चांगली आहे. घरचे सर्व जण माझे फार करतात. माझी कुणाविषयी तक्रार नाही. परंतु मला ती माझी वाटत नाही. दुसऱ्या कुणाची तरी चुकून माझ्याकडे आल्यासारखी वाटते. तिला घेतलं की भीती वाटते. मला सातव्या महिन्यापासून झोप नाही. सगळे इतके चांगले आहेत की मला हे कुणाला सांगता येत नाही. तरी तिच्या कपाळी आई म्हणून आत्यांचं नाव लिहावं, ही नम्र विनंती. म्हणजे मी नसले तरी तिचं अडणार नाही. कळावे.

आपली विश्वासू,
सौ. उज्ज्वला संदेश रासकर.

ता. क. लवकर कळवावे.'

विषय वाचताना मला हसू येत होतं. शेवटाला ते पार मावळलं. कलावतीनं मला 'मी नसले तरी' ही ओळ परत वाचायला लावली. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. भर दुपारी कामाच्या वेळी तिला मी तशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

"वीस दिस," ती म्हणाली. "घरात पोस्टमास्तर, अन् पत्र घरातच पडून."

मी पत्राच्या घड्या परत पहिल्यासारख्या घातल्या.

"अन् मी लाडवावर लाडू देत बसले," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिला एक युक्ती सुचली. मी सटवाईच्या नावानं उत्तर लिहावं, घाबरू नकोस, सगळं चांगलं होईल, म्हणजे पोरीला धीर येईल. मी म्हटलं की एक तर खोटी सही मी करणार नाही, दुसरं म्हणजे माझं अक्षर ती चहाच्या हिशेबाच्या चिठोऱ्यावरूनही ओळखेल. आणि देवीनं उत्तर दिलं तर ती पुढचंही देवीलाच सांगत बसेल. आपल्याला कळायचं कसं?

हे कलावतीला पटलं. मग मी खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन सवयीनं खाकरलो आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच आत गेलो.

उज्ज्वला खाटेवर बसून लंगोटांच्या घड्या घालत होती. एकावर एक, कडेला कड जुळवून. सई पाळण्यात झोपली होती.

"पत्र पोचलं," मी म्हटलं. "वीस दिवस उशीर झाला. चूक माझी."

तिचे हात थांबले. "सगळं वाचलंत?"

"ता. क. सकट."

"आत्यांनी पण?"

"तिला वाचून दाखवलं."

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी वाईट आहे का हो, मामा?"

मला भाषण करता येत नाही. निरोप समारंभातही मी दोन वाक्यं बोलून बसलो होतो. मी म्हटलं, "पोरी, वाईट बाई लेकीची सोय लावायला अर्ज करत नाही. तू आजारी आहेस असं मला वाटतंय. कसला आजार, ते मला कळत नाही. उद्या डॉक्टरकडं जाऊ, त्यांना कळेल."

"सव्वा महिना व्हायचाय. आत्यांना चालणार नाही."

"आत्यांला काय चालतंय ते आत्यांला इचार," कलावती माझ्या मागून म्हणाली. "सकाळी सातला निघायचं. अन् आजपासून रातीला पोर माझ्यापाशी. तू झोप, न्हाई आली तर नुसती पड, पर एकटी न्हाई ऱ्हायचं." मग ती खाटेवर तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "मला सांगायचं व्हतं गं बाई. मी काय खाल्लं असतं का तुला?"

"तुम्ही किती करता माझं," उज्ज्वला म्हणाली आणि रडायला लागली. बारशाला रडली तशी नव्हे. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत रडली. मला हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मी उरलेल्या लंगोटांच्या घड्या घातल्या. डोळे पुसून झाल्यावर तिनं त्या सगळ्या मोडून परत घातल्या.

सकाळी जीप दारात आली तेव्हा भागूबाई तेलाची वाटी घेऊन फाटकात उभी होती.

"सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीन भाईर? वारं लागंल की."

"लागू दे," कलावती म्हणाली. "आत कोंडून काय झालं ते बघितलं."

हे म्हणणाऱ्या बाईनं जीपमध्ये मात्र उज्ज्वलाच्या कानात दुप्पट कापूस घातला, सईच्या दुपट्यात कडुलिंबाचा पाला खोचला आणि दृष्ट लागू नये म्हणून उशीखाली ठेवलेली विळीही सोबत घेतली. डॉक्टरांच्या दवाखान्यात विळी घेऊन जाणं बरं दिसणार नाही, हे मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत समजावून सांगत होतो. शेवटी ती विळी ड्रायव्हरच्या सीटखाली राहिली.

बाळंतपण केलेल्या बाई डॉक्टर गावातल्याच होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, उज्ज्वलाला दोन-चार प्रश्न विचारले आणि लगेच पुण्याला फोन लावला. दुपारी बाराला आम्ही दिवे घाट उतरून डॉक्टर सबनीसांच्या दवाखान्यात होतो. या मनाच्या डॉक्टर. बारीक आवाजाच्या, पन्नाशीच्या बाई. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि उज्ज्वलाशी पाऊण तास एकटीशी बोलल्या. तेवढ्या वेळात कलावतीनं पिशवीतून लाडू काढला, त्याच्याकडं बघितलं आणि परत आत ठेवला.

मग आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाल्या की हा आजार आहे, बाळंतपणानंतर बऱ्याच बायकांना होतो, सांगत कुणी नाही. हिचा तर पोटात बाळ असल्यापासूनच सुरू झालाय. 'मी नसले तरी' या वाक्याबद्दल त्यांनी तिला सरळ विचारलं होतं आणि तिनंही सरळ सांगितलं होतं. तेव्हा काही दिवस तिला एकटं सोडायचं नाही. गोळ्या देते, अंगावर पाजलं तरी चालेल अशा. लगेच फरक दिसणार नाही, मधे मागं-पुढं होईल, पण बरं होतं. आणि रोज सलग पाच तास झोप, काही झालं तरी.

"भाईरचं तर काई न्हाई ना?" कलावतीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या की नाही, आणि हिचा काही दोषही नाही. तिला उपदेश करू नका, आईपणाच्या गोष्टी सांगू नका.

"मग बोलायचं काय?"

"ऐकायचं."

कलावतीनं थोडा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं. म्हणाली, ते मला लई अवघड जाईल बघा. उज्ज्वलाच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला गोळ्या देऊ का?

संदेशला मी दवाखान्यातूनच फोन केला. नाव संदेश आणि घरात काय चाललंय त्याचा पत्ता नाही, असं बरंच काही बोललो. खरं तर मी स्वतःवरच चिडलो होतो. तो त्याच संध्याकाळी आला, पंधरा दिवसांची रजा टाकून. मला वाटलं होतं की पोरगा घाबरेल, पण तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, मलाही बाळ घेताना भीती वाटते, मी कुणाला बोललो नाही. लंगोट बदलायला शिकताना त्यानं पहिले दोन दिवस सईला पार्सलसारखं गुंडाळलं. तिसऱ्या दिवसापासून त्याला जमलं.

येणाऱ्याजाणाऱ्यांचा बंदोबस्त माझ्याकडं होता. मी जुन्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पाटी लिहिली : 'बाळ-बाळंतिणीस भेटण्याची वेळ दुपारी ४ ते ५. इतर वेळी चौकशी ओट्यावर.' आणि ओट्यावर टेबल टाकून बसलो. बाळंतविडा आला की घ्यायचा, नाव लिहायचं, चहा द्यायचा, परत पाठवायचं. कलावतीची मोठी बहीण भर बाराला आली, तिला मी चारपर्यंत बसवून ठेवलं. पुढं दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. त्याचाही मला फायदाच झाला.

पण माझं खरं काम वेगळं होतं. बोलायला उज्ज्वलाला जड जायचं, लिहायला जायचं नाही. म्हणून आम्ही घरातल्या घरात टपाल सुरू केलं. सकाळच्या चहाच्या बशीखाली तिची चिठ्ठी यायची आणि दुपारच्या ताटाबरोबर माझं उत्तर जायचं. आधी सगळं अर्जासारखंच होतं. 'विषय : झोपेबाबत. चार तास. बाकी तसंच.' मी लिहायचो, 'पत्र पोचलं. बाकीचं सावकाश.' एकदा आलं, 'विषय : डिंकाचे लाडू बंद होणेबाबत.' कलावतीनं चष्मा शोधून ते स्वतः तीनदा वाचलं. मग डबा उचलून भागूबाईला देऊन टाकला आणि थालीपीठ लावायला घेतलं.

वाईट दिवसही आले. एके दिवशी नुसतं 'विषय : काही नाही' एवढंच होतं. त्या सकाळी कलावती सुपात तांदूळ घेऊन तिच्या खाटेजवळ जाऊन बसली आणि दोन तास एक शब्द न बोलता निवडत राहिली. तीस वर्षांत मी तिची अशी कामगिरी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी बशीखाली आलं, 'आत्या काल काही बोलल्या नाहीत. बरं वाटलं.' हे मी कलावतीला वाचून दाखवलं तेव्हा तिला रागवावं की खूश व्हावं तेच कळेना.

दोन आठवड्यांनी झोप पाच तासांवर गेली. महिन्यानं ती अंगणात येऊन माझ्याबरोबर पेपर वाचायला लागली. सई तिच्या मांडीवर असायची. उज्ज्वला तिला नीट धरायची, पाजायची, वेळच्या वेळी सगळं करायची. चिठ्ठ्यांत मात्र अजून सईचं नाव नसायचं. मी एकदा विचारावं म्हणून पेन उचललं आणि डॉक्टरांचं बोलणं आठवून खाली ठेवलं. ते एक उत्तर तिच्याकडूनच यायला हवं होतं आणि ते येईल की नाही, याची मला धास्ती होती.

अशात तिसरा महिना लागला. एका सकाळी चहा आला, बशी उचलली, खाली काही नाही. कप उलटासुलटा करून पाहिला. नऊ वाजले. मला वाटलं, विसरली असेल. दहा वाजले. संदेश चाकणला गेलेला होता. मी पाटी, टेबल, सगळं तिथंच सोडून आत गेलो.

उंबऱ्यापर्यंत पोचलो तोच खोलीतून चढलेला आवाज आला. उज्ज्वलाचा. मी तिथंच थांबलो. पुढच्याच क्षणी कलावती तावातावानं बाहेर आली. चेहरा लालबुंद.

"भांडली," ती म्हणाली.

"कोण?"

"कोन म्हंजे? तुमची सून. मी मिरच्या चिरत व्हते, पोर रडली म्हनून तशीच घ्यायला गेले. तर मला म्हनती, आत्या, आधी हात धुवा. माझ्या पोरीच्या डोळ्यात तिखट जाईल." तिनं दम घेतला. "उभ्या गल्लीतली पोरं मी न्हाऊ घातली, अन् मला म्हनती हात धुवा."

"माझ्या पोरीच्या म्हणाली?"

"दोनदा."

आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. आतून उज्ज्वलाचा आवाज येत होता. ती सईला समजावत होती की आजी तशी चांगली आहे, फक्त ऐकत नाही. कलावतीचे डोळे भरून आले आणि तिनं ते हातानंच पुसले. मिरचीचे हात आहेत म्हणून मी ओरडलो, पण तोवर उशीर झाला होता.

दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. चार वाजता भेटायला आलेल्या बायकांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा ती प्रत्येकीला हसत हसत सांगत होती, "काई न्हाई गं, मिरची."